गाडी सिग्नललाच का बंद पडते? जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीचं आयडलिंग

हा भाग ऐकायचा राहिला असेल, किंवा हेडफोन घरी विसरून एसटीत बसला असाल, तर हा त्याचा लेखी अवतार. बोलतानाचे 'अं' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तेवढे काढलेत. ऑडिओत मी गाडीचे आवाज ऐकवले होते, ते इथे शब्दांत करून दाखवावे लागतील, तेवढं सांभाळून घ्या.

एरवी आपण इथे फोन, ॲप, बॅटरी असल्या गोष्टी बोलतो. आज विषय आहे १९९७ची मारुती झेन. गाडी बाबांची, मुक्काम साताऱ्यात, आणि वयाने ती आणि मी अगदी बरोबरीच्या. चार सिलिंडर, ९९३ सीसी, आणि पेट्रोल पाजायला कार्ब्युरेटर. म्हणजे कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, स्कॅनर लावायला सॉकेट नाही. काही बिघडलं तर गाडी तुम्हाला एरर कोड देत नाही. ती फक्त बंद पडते.

आणि आमची नेमकी तेच करत होती. बाबांची तक्रार एका वाक्याची होती: "सिग्नलला थांबली की बंद पडते." रस्त्यावर धावताना काहीही त्रास नाही. पोवई नाक्यावर आली, वेग कमी झाला, थांबली, की इंजिन थरथरायला लागायचं, हुं... हुं... करून मान टाकायचं. मागून हॉर्न. बाबा पुन्हा चावी फिरवणार, गाडी पहिल्या झटक्यात सुरू. पुढच्या चौकात पुन्हा तेच.

सहा महिन्यांत तीन वेळा गाडी गॅरेजला गेली. पहिल्यांदा त्यांनी 'स्लो वाढवून' दिला, म्हणजे आयडलचा स्क्रू पिळून इंजिन उभ्या-उभ्या जरा जोरात फिरेल असं केलं. दुसऱ्यांदा कार्ब्युरेटर खोलून धुतला, आतले गॅस्केट-वायसर बदलले. तिसऱ्यांदा म्हणाले, कार्ब्युरेटर संपलाय, नवीन टाका, नाहीतर गाडी विकून टाका. गंमत अशी, की गॅरेजच्या दारात उभी केली की गाडी शहाण्या बाळासारखी चालायची. अर्धा तास न्यूट्रलला ठेवा, हूं की चूं नाही. आमच्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात, आणि ज्याने हे वाक्य ऐकलंय त्याला पुढचे दोन दिवस कसे जातात तेही माहितीये.

मी यात पडले ते मात्र सिग्नलमुळे नाही. आईने एकदा फोनवर सहज बोलता-बोलता सांगितलं, की यवतेश्वरचा घाट उतरताना गाडी बंद पडली आणि ब्रेक 'दगडासारखा' झाला. बाबांनी हे मला सांगितलंच नव्हतं. दोन्ही पाय ब्रेकवर देऊन त्यांनी ती कशीबशी कडेला घेतली. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले ती पान्यांचा डबा घेऊनच.

आधी मुळात आयडल म्हणजे काय, ते समजून घेऊ. त्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कार्ब्युरेटरच्या गळ्यातली पितळी चकती, म्हणजे थ्रॉटल, जवळजवळ बंद होते. इंजिन तर हवा ओढतच असतं. वाट बंद, आणि ओढ चालू. त्यामुळे थ्रॉटलच्या खालच्या बाजूला, मॅनिफोल्डमध्ये, जबरदस्त व्हॅक्यूम तयार होतो. आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश राहतो. वरून हवा इतकी कमी जाते, की कार्ब्युरेटरचा मुख्य जेट पेट्रोल ओढूच शकत नाही. मग पेट्रोल येतं वेगळ्या वाटेने: एक बारीकसा आयडल जेट, ज्याला आपल्याकडे स्लो जेट म्हणतात, तिथून एक अरुंद नाळ, आणि थ्रॉटलच्या खाली एक छोटं छिद्र. त्या छिद्रातून किती मिश्रण यावं हे मिक्स्चरचा स्क्रू ठरवतो. या वाटेने मिनिटाला जेमतेम दोन-तीन चहाचे चमचे पेट्रोल जातं. त्या चमच्यांवर तुमची अख्खी गाडी जिवंत असते.

आता जरा हिशेब करू, कारण मला याच हिशेबाने गोष्ट कळली. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा भरून घेतं. ९९३ सीसीचं इंजिन मिनिटाला नऊशे फेऱ्या मारतंय, म्हणजे साडेचारशे वेळा जवळजवळ एक लिटर. पण आतला दाब एक तृतीयांश, म्हणून खरी हवा मिनिटाला दीडशे लिटरच्या आसपास. हेच इंजिन पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून साडेपाच हजारांवर पळवलं, तर हवा बावीसशे लिटरच्या घरात जाते. पंधरापट!

आता समजा कुठल्या तरी नळीला दीड मिलिमीटरचं भोक पडलंय. आयडलच्या व्हॅक्यूमला त्यातून मिनिटाला साधारण पंधरा लिटर हवा आत घुसते. दीडशेत पंधरा म्हणजे दहा टक्के. ही हवा कार्ब्युरेटरला न विचारता आलीये, तिच्यासोबत पेट्रोल नाही. मिश्रण पातळ झालं, म्हणजे लीन, की एखादं सिलिंडर पेटतं, एखादं नाही, आणि इंजिन लडखडतं. बावीसशेत मात्र पंधरा म्हणजे काहीच नाही. शिवाय ॲक्सिलरेटर दाबला की थ्रॉटल उघडतो, व्हॅक्यूमच उतरतो, मग त्या भोकातून तेवढी हवाही येत नाही. म्हणून 'हायवेला एकदम मस्त, चौकात बंद' ही तक्रार ऐकली, की गाडी कुठेतरी 'हवा घेतेय' असा संशय मनात ठेवायचा. आणि म्हणूनच आयडलला पहिल्यांदा हात स्क्रूला लावायचा नाही. स्क्रू फिरवून आजार बरा होत नाही, फक्त दिसेनासा होतो.

बरं, मग पहिला हात कशाला लावायचा? खरं सांगू? कशालाच नाही. जो माणूस रोज गाडी चालवतो त्याच्याशेजारी बसायचं आणि प्रश्न विचारायचे. गार असताना होतं की तापल्यावर? फक्त सकाळी त्रास, नंतर ठीक, तर चोककडे बघा. गार असताना ठीक आणि तापल्यावर, विशेषतः उन्हात बंद करून दहा मिनिटांनी सुरू करताना त्रास, तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून उतू जाण्याची शक्यता. एसी लावल्यावरच का? एसी लागला की आयडल उचलून धरणारी एक वेगळी व्यवस्था असते, ती मेली असेल. ॲक्सिलरेटरवर पाय आहे तोवर जिवंत आणि पाय काढताक्षणी खल्लास? मग कार्ब्युरेटरवरचा सोलेनॉइड बघा. चावी ऑन केली की तो आयडलची पेट्रोलची वाट उघडतो. इंजिन सुरू न करता कुणाला तरी चावी ऑन-ऑफ करायला सांगा आणि कान लावा. 'टक्' आवाज आला पाहिजे. नाही आला, तर आधी त्याची वायर निघालीये का बघा. दोन मिनिटांचं काम असतं, आणि त्यासाठी कार्ब्युरेटर खोलून ठेवलेले मी पाहिलेत.

मी बाबांना विचारलं, "बाबा, नेमकी कधी बंद पडते?" ते म्हणाले, "सांगितलं की, सिग्नलला." मी म्हटलं, "आणि घरासमोर उभी असताना?" "नाही पडत." इथेच मी थांबायला हवं होतं. उत्तर इथेच होतं, आणि मी त्यावरून उडी मारून थेट बॉनेट उघडलं.

बॉनेट उघडल्यावर आधी ऐकायचं. थरथर दोन प्रकारची असते. एक ठेक्यात चुकते: भक-भक-भक-*-भक-भक-भक-*, म्हणजे दर फेरीला एकच सिलिंडर काम करत नाही. याला गॅरेजवाले मिसिंग म्हणतात. इथे संशय प्लग, प्लगची वायर, डिस्ट्रिब्यूटरची कॅप यांच्यावर. दुसरी लाटेसारखी: आवाज चढतो, पडतो, चढतो, पडतो, व्हूंऽऽ... व्हूंऽऽ. हे हंटिंग. इथे बहुतेक वेळा हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा घोळ.

मिसिंग असेल तर कुठलं सिलिंडर झोपलंय ते शोधायची जुनी पद्धत म्हणजे चालू इंजिनवर एकेक प्लगची वायर काढून बघणं. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की आवाज लगेच पडतो, झोपलेल्याची काढली तर काहीच फरक पडत नाही. पण हे करताना इन्सुलेटेड पक्कड वापरा आणि काढलेल्या वायरचं टोक इंजिनच्या धातूला टेकेल असं ठेवा. तो झटका साधा नसतो, आणि वायर अधांतरी ठेवली तर इलेक्ट्रॉनिक इग्निशन जळू शकतं. जमत नसेल तर इंजिन बंद करून, एक वायर काढून, नीट टेकवून मग सुरू करा. वेळ लागतो, पण हात शाबूत राहतात.

आमच्याकडे एक प्लग काळाकुट्ट आणि एका वायरला चीर. दोन्ही बदललं. गाडी थोडी सुधारली, आणि मी घरात येऊन विजयी चेहऱ्याने चहा प्यायले. संध्याकाळी बाबा पोवई नाक्यावरून फोन करतात: "पडली बंद." एक बग सापडला म्हणजे तोच तो बग होता असं नसतं, हे मी ऑफिसात ज्युनिअर पोरांना शिकवते.

टॅपेटचा गॅप आणि कॉम्प्रेशन यांच्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते घरच्या अंगणात होणारं काम नाही. टॅपेट फार घट्ट असेल तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि आयडल बिघडतं. गेज असलेल्या माणसाकडून मोजून घ्या. आमचं मोजलं, चारही सिलिंडर जवळजवळ सारखे. तो विषय तिथेच संपला.

मग मी दुसऱ्या दिवशी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं: लॉग वाचले. तुम्ही म्हणाल, कार्ब्युरेटरच्या गाडीला कुठले लॉग? आहेत ना! पीयूसीच्या पावत्या. बाबांनी दर सहा महिन्यांची पावती ग्लोव्ह बॉक्समध्ये एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये लावून ठेवलीये. आपण त्यावर फक्त 'पास' बघतो. पण पीयूसीचं मशीन सायलेन्सरमधून निघणारा धूर आयडलवरच मोजतं, आणि दोन आकडे छापतं: सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, टक्क्यांत, आणि एचसी, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, पीपीएममध्ये. भारत स्टेज-टूच्या आधीच्या पेट्रोल चारचाकींना मर्यादा आहे सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएम.

आता हे आकडे वाचायचे कसे? पेट्रोल जास्त, हवा कमी असेल, म्हणजे मिश्रण रिच असेल, तर सीओ चढतो. अर्धवट जळण्याची ती खूण. हवा जास्त असेल तर सीओ पडतो. आणि हवा इतकी जास्त झाली की सिलिंडर पेटेचना, तर पेट्रोल तसंच्या तसं बाहेर पडतं, म्हणून एचसी उडी मारतो. म्हणजे सीओ जास्त असेल तर रिच. सीओ कमी आणि एचसी जास्त, तर लीन होऊन चुकतंय, किंवा प्लगला ठिणगीच नाही. आमच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षं सीओ दीड ते दोनच्या मध्ये, एचसी चार-पाचशे. आणि शेवटची, नापास झालेली पावती: सीओ ०.४, एचसी १८००.

मी ती पावती हातात घेऊन दोन मिनिटं गप्प बसले. कारण नापास झाल्यावर गॅरेजमध्ये काय झालं होतं माहितीये? 'पीयूसी फेल म्हणजे पेट्रोल जास्त जातंय' असं म्हणून त्यांनी मिक्स्चरचा स्क्रू आत पिळला होता. आधीच पेट्रोल कमी पडणाऱ्या इंजिनला आणखी उपाशी ठेवलं. मग ते जास्तच बंद पडायला लागलं, म्हणून स्लोचा स्क्रू वाढवला. एकावर एक पट्ट्या. कुणाला दोष देत नाहीये मी. पावतीवरचा दुसरा आकडा आपणही कधी वाचला नव्हता.

इथे एक गोष्ट बाजूला सांगून टाकते, कारण कमेंटमध्ये हमखास येणार: इथेनॉल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. इंजेक्शनवाली गाडी ऑक्सिजन सेन्सर बघून स्वतःला जुळवून घेते. कार्ब्युरेटरचा जेट मात्र धातूत पाडलेलं एक भोक आहे, तो कुणाचं ऐकणार? त्यामुळे जुन्या गाड्या आज आधीच काठावर, जरा लीन चालतात. शिवाय त्या काळचं पेट्रोलच्या नळ्यांचं रबर या इंधनासाठी बनवलेलं नव्हतं. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर पेट्रोलच्या नळ्या वास घेऊन, वाकवून बघा, भेगा दिसल्या तर आजच बदला. हा आयडलचा नाही, आगीचा प्रश्न आहे.

तर, इंजिन लीन आहे हे कळलं. म्हणजे हवा शोधायची. पद्धत सोपी आहे. इंजिन चालू ठेवायचं, मॅनिफोल्डला जोडलेल्या रबरी नळ्या एकेक करून पकडीने हलकेच, फडकं मध्ये ठेवून, दाबायच्या. ज्या नळीने हवा येतेय ती दाबली की आवाज एकदम सुधारतो. कार्ब्युरेटरच्या बुडाचं गॅस्केट आणि मॅनिफोल्डचे सांधे यांच्यावर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारायचा. फट असेल तर पाणी क्षणभर ती बुजवतं आणि इंजिनचा सूर बदलतो. फक्त डिस्ट्रिब्यूटर आणि प्लगच्या वायरींपासून लांब. नेटवरच्या व्हिडिओंमध्ये लोक इथे कार्ब क्लीनर किंवा चक्क पेट्रोल उडवतात. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी असलं काही करू नका, प्लीज. आणखी एक युक्ती: हातभर रबरी पाइप घ्या, एक टोक कानाला, दुसरं सांध्यांवरून फिरवा. स्टेथोस्कोप! गळतीची 'सूंऽऽ' अगदी स्पष्ट ऐकू येते.

मी हे सगळं केलं. एकेक नळी, एकेक सांधा. काहीच नाही. गाडी नऊशेवर शांत गुरगुरत होती. पुन्हा तेच, माझ्या मशीनवर चालतंय.

वैतागून मी बाबांना म्हटलं, "तुम्ही बसा आत, सिग्नलला जसं करता तसं करा." ते बसले, आणि सवयीने ब्रेकवर पाय ठेवला.

व्हूंऽऽ... व्हूंऽऽ... खल्लास.

मी म्हटलं, "पुन्हा करा." पुन्हा तेच. "आता ब्रेक सोडून बसा." दहा मिनिटं गाडी चालू.

म्हणजे बघा. सिग्नलला माणूस नेहमी ब्रेकवर असतो. गॅरेजमध्ये गाडी हँडब्रेकवर असते. घरासमोर न्यूट्रलला. पीयूसीच्या दुकानात 'काका, तुम्ही आत बसा, गाडी चालू ठेवा' म्हणतात, आणि बाबांचा हँडब्रेकवर भरवसा नसल्याने पाय ब्रेकवरच. बाबा सहा महिने 'सिग्नलला' म्हणत होते, आणि खरं वाक्य होतं 'ब्रेकला'. मी आत डोकं घालून पेडलपाशी कान नेला. ब्रेक दाबला की सूंऽऽ, सोडला की बंद.

ब्रेक बूस्टर. बॉनेटच्या मागच्या भिंतीला लावलेला तो काळा, ताटासारखा गोल डबा. त्याच्या आत एक रबरी पडदा असतो, डायफ्राम. इंजिनच्या मॅनिफोल्डमधून एक जाड नळी या डब्याला व्हॅक्यूम देते. ब्रेक सुटलेला असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूमच असतो, सगळं शांत. तुम्ही पेडल दाबलं की मागच्या बाजूला बाहेरची हवा सोडली जाते. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम, त्यामुळे पडदा पुढे ढकलला जातो आणि तुमच्या पायाला मदत करतो. म्हणून ब्रेक हलका लागतो.

आता हा पडदा फाटला तर? ब्रेक सुटलेला असताना काहीच कळत नाही, कारण दोन्हीकडे व्हॅक्यूमच. म्हणूनच माझ्या पक्कड-परीक्षेत ही नळी निर्दोष सुटली! पण पेडल दाबताक्षणी मागे आलेली हवा फटीतून पुढे, तिथून नळीने थेट मॅनिफोल्डमध्ये. पाय ब्रेकवर आहे तोवर गळती चालू. इंजिन लीन, मग लडखडतं, मग बंद. आणि पडदा फाटल्याने ब्रेकची मदतही अर्धी झालेली. इतक्या वर्षांनी कुठलंही रबर थकतं, त्यात विशेष काही नाही. विशेष हे, की सहा महिने आम्ही आयडलचे स्क्रू फिरवत होतो आणि जात होता तो ब्रेक.

घाटात काय झालं तेही मग उलगडलं. बाबा, आणि त्यांच्या वयाचे बरेच जण, उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात. न्यूट्रलला इंजिन फक्त आयडलच्या त्या चमच्यांवर चालतं. ब्रेक दाबला, हवा शिरली, इंजिन बंद. इंजिन बंद म्हणजे व्हॅक्यूम बनायचा थांबला. चांगल्या बूस्टरमध्ये एक-दोन वेळा दाबण्यापुरता साठा तरी उरतो, फाटक्यात तोही नाही. पेडल दगड. गाडी गिअरमध्ये असती तर चाकांनी इंजिन फिरवत ठेवलं असतं, व्हॅक्यूम बनत राहिला असता, आणि इंजिनचा ब्रेकही मिळाला असता. हे मी बाबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "हं." तीस वर्षांची सवय आहे, पण आई सांगते की आता घाटात दुसरा गिअर असतो.

बूस्टरची परीक्षा तुम्ही कुठल्याही गाडीवर घरी करू शकता, नव्या गाडीवरसुद्धा, आणि करून बघाच. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, चाकामागे वीट. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपेल आणि पेडल कडक होईल. आता पेडल दाबूनच धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित आत गेलं पाहिजे. नाही गेलं तर मदत मिळत नाहीये. दुसरी: इंजिन चालू असताना ब्रेक दाबून धरा, तसाच धरून इंजिन बंद करा, अर्धा मिनिट थांबा. पेडल जिथल्या तिथे राहिलं पाहिजे. पायाला वर ढकलायला लागलं तर कुठेतरी गळती आहे. आमचं पेडल दहा सेकंदांत वर आलं. खात्रीसाठी मी बाबांना ब्रेक दाबायला लावून बूस्टरची जाड नळी पकडीने दाबली, आणि मरायला टेकलेलं इंजिन लगेच सावरलं. ही नळी दाबून किंवा बुजवून गाडी रस्त्यावर न्यायची नाही, एवढं तरी सांगायला नको.

बूस्टर उघडून शिवत बसायची वस्तू नाही, पूर्ण बदलायची. मी पुण्यातल्या नाना पेठेत दोन दुकानं फिरून आणला. काउंटरवरचा माणूस प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्यासोबत आलेल्या मित्राला देत होता, ज्याला सायकलचं पंक्चरही काढता येत नाही. बसवायचं काम मात्र मी ब्रेकचं काम नीट करणाऱ्या मिस्त्रींना दिलं. प्लग मी बदलते, ब्रेक नाही.

आणि आता शेवटचा टप्पा, जो लोक विसरतात. नवीन बूस्टर बसल्यावर गाडी सुरू केली तर आयडल तेराशे! कारण जुन्या पट्ट्या तशाच होत्या. वाढवलेला स्लो, पिळलेला मिक्स्चर. खरा दोष गेला की त्याला झाकायला केलेले सगळे बदल उलटवायला लागतात. आणि क्रम महत्त्वाचा. स्लोचा स्क्रू फार वाढवला तर थ्रॉटलची चकती इतकी उघडते की तिच्या वरची, पुढच्या टप्प्याची छिद्रंही पेट्रोल सोडायला लागतात. मग मिक्स्चरचा स्क्रू कितीही फिरवा, काही फरक पडत नाही. 'मिक्स्चरला रिस्पॉन्सच नाही, कार्ब्युरेटर संपलाय' या निदानामागे कधीकधी एवढंच असतं.

म्हणून असं केलं: इंजिन पूर्ण तापवलं, चोक पूर्ण उघडा असल्याची खात्री केली, एसी-दिवे बंद. मिक्स्चरचा स्क्रू हलक्या हाताने आत बसवताना किती फेरे लागतात ते मोजून वहीत लिहिलं, म्हणजे काही चुकलं तर परतीचा रस्ता राहतो. घट्ट पिळायचं नाही, टोक बिघडतं. मग तो पुन्हा दोन फेरे बाहेर. आधी स्लो कमी करून नऊशेवर, मग मिक्स्चर थोडं-थोडं बाहेर, जिथे इंजिन सगळ्यात जोरात आणि गुळगुळीत फिरतं तिथपर्यंत, मग किंचित आत. स्लो पुन्हा नऊशे. दोन-तीन वेळा हाच खेळ. एका वेळी एकच स्क्रू, आणि प्रत्येक वेळी वहीत नोंद.

दुसऱ्या दिवशी पीयूसी. मी बाबांना मुद्दाम ब्रेकवर पाय ठेवून बसायला सांगितलं. सीओ १.६, एचसी ३८०. बाबांनी पावती वाचली, दोन्ही आकडे, आणि फाइलमध्ये लावली.

एका श्रोत्याने त्यांच्या ओम्नीचा सकाळच्या स्टार्टचा आवाज पाठवलाय, जी चोक आत ढकलला की तीन मिनिटांनी खोकून बंद पडते. तो पुढच्या भागात ऐकू. तोपर्यंत तुमच्या घरात अशी एखादी म्हातारी गाडी असेल, तर तिच्या पीयूसीच्या पावतीचा फोटो पाठवा. फक्त नंबर प्लेट झाकून.